तिथे टाळ्या, इथे आडनाव

गेल्या हिवाळ्यात आम्ही चौघं जैसलमेरला जाऊन आलो. चौघंही ताडकळस आणि आजूबाजूच्या गावांतले. एक शेती बघतो, एक मोबाईल रिपेअरिंगचं दुकान चालवतो, एक पुण्यात स्पर्धा परीक्षेची तयारी करतो आणि एक मी. गाड्या बदलत, कुडकुडत, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी पुरवत पोहोचलो. थंडीचं आम्हाला फार कौतुक नव्हतं. मराठवाड्यात गारठा पडला की परभणीच्या कृषी विद्यापीठातला तापमानाचा आकडा पेपरात येतोच, आणि तो वाचतच आम्ही मोठे झालो.

जैसलमेरपासून चाळीसेक किलोमीटरवर सम नावाचं गाव आहे. तिथे वाळूच्या टेकड्या आणि तंबूंच्या रांगाच रांगा. रात्री शेकोटीभोवती गाणी असतात. खडताल, ढोलक, हार्मोनियम आणि वाळूत दूरवर जाणारे आवाज. आमच्या शेजारी महाराष्ट्रातलाच एक मोठा ग्रुप बसला होता. त्यातले एक काका इतके खूश झाले, की पाचशेची नोट काढून म्हणाले, "ही खरी आपली संस्कृती!" मग त्यांनी गायकाला नाव विचारलं. आडनाव 'खान' निघालं. काका क्षणभर थांबले आणि बायकोकडे वळून म्हणाले, "मुसलमान आहेत. पण किती छान गातात ना!"

आमच्या चौघांतला परीक्षेची तयारी करणारा जो आहे, त्याचंही आडनाव तसलंच. त्याने ते ऐकलं. काही बोलला नाही, फक्त जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढून घेतली.

मला त्या 'पण'विषयी बोलायचं आहे. काका वाईट माणूस होते असं मला म्हणायचं नाही. नोट त्यांनी मनापासून दिली होती. तरीही हा 'पण' घेऊन आपण सगळे जैसलमेरला जातो आणि तो तसाच घेऊन परत येतो, ही माझी तक्रार आहे.

आधी ते गायक कोण, ते बघू. मांगणियार आणि लंगा हे थारच्या वाळवंटातले पिढीजात गाणारे समाज. धर्माने मुसलमान. मांगणियारांचे यजमान प्रामुख्याने राजपूत आणि इतर हिंदू कुटुंबं. यजमानाच्या घरी मूल जन्मलं, लग्न निघालं, कुणी गेलं, की गायला मांगणियार हवाच. यजमानांच्या कितीतरी पिढ्यांची वंशावळ त्याच्या तोंडी. एकाच रात्रीत तो देवीला आळवतो, कृष्णाचं गातो आणि पहाटेकडे शाह लतीफ, बुल्ले शाह यांच्याकडे वळतो. कोमल कोठारी यांनी साठच्या दशकापासून हे संगीत ध्वनिमुद्रित केलं आणि जगापुढे नेलं. जैसलमेरजवळच्या हमीरा गावचे कमायचावादक साकर खान यांना २०१२ साली पद्मश्री मिळाली. थोडक्यात, 'मुसलमान असून' हे लोक गातात असं काही नाही. मुसलमान राहून, हिंदू यजमानाच्या दारात, शतकानुशतकं गाणं हीच त्यांची रीत आहे. काकांचा 'पण' त्या रीतीला लागूच होत नाही.

दुसऱ्या दिवशी लोंगेवाला. १९७१ च्या डिसेंबरात इथे लढाई झाली. थोड्याशा जवानांनी रात्रभर रणगाडे रोखून धरले. तिथे मान झुकते, झुकायलाच हवी. पण पर्यटकांचा पहिला प्रश्न असतो, "पाकिस्तान कुठून दिसतं?" दिसलं की रील, नाही दिसलं की पैसे वाया. सरहद्द म्हणजे आपल्याला एक सेल्फी पॉइंट वाटतो. तिथल्या लोकांसाठी ती घराच्या मधून गेलेली भिंत आहे. पलीकडच्या उमरकोट भागातल्या सोढा राजपुतांना आपल्याच कुळात लग्न करता येत नाही, म्हणून सोयरीक अलीकडे राजस्थानात शोधावी लागते. १९६५ च्या युद्धात बंद पडलेली रेल्वे २००६ साली 'थार एक्स्प्रेस' म्हणून मुनाबाव-खोखरापार मार्गे पुन्हा सुरू झाली आणि ऑगस्ट २०१९ मध्ये परत बंद झाली. गाडी थांबली, तेव्हा कुणाची नवरी तिकडे अडकली, कुणाची आई इकडे. अडकलेल्यांत हिंदू कुटुंबं किती होती, हे टीव्हीवरच्या आरडाओरड्यात कुणी विचारलं नाही.

मे २०२५ मध्ये जैसलमेरच्या आकाशात ड्रोन आले, शहराने दिवे मालवले. त्या रात्री आपल्याकडे काय चाललं होतं, आठवा. पारावर, ग्रुपवर, 'घुसून मारा'चे मेसेज. सरहद्दीपासून हजारेक किलोमीटर लांब बसून शूर होणं फार सोपं असतं. अंधारात लेकरं पोटाशी धरून बसलेले लोक तेच होते, ज्यांच्या गाण्यावर सहा महिन्यांनी आपण टाळ्या वाजवल्या.

मग कुलधरा. पालीवाल ब्राह्मणांनी एकोणिसाव्या शतकात सोडून दिलेलं गाव. ते विकलं जातं 'भुताचं गाव' म्हणून. तिकीट काढून आपण भूत शोधतो. बघण्यासारखं असतं ते गावाबाहेर: खडीन. उताराच्या पायथ्याला लांब बुटका बांध घालायचा, पावसाचं वाहतं पाणी अडवायचं, ते जमिनीत मुरू द्यायचं आणि थंडीत त्याच ओलीवर गहू-हरभरा पेरायचा. हे तंत्र पालीवालांच्या नावाने ओळखलं जातं. जैसलमेरला वर्षाकाठी दोनशे मिलिमीटरच्या आतबाहेर पाऊस. आपल्या परभणीला त्याच्या चौपट. आणि टँकर कुणाकडे लागतात? आमच्यातला शेतीवाला पोरगा रस्त्यात गाडी थांबवून एका खडीनच्या बांधावर अर्धा तास बसून राहिला. आमच्या सबंध सहलीतला खरा प्रवासी तोच.

आता कुणी म्हणेल, म्हणजे जैसलमेर हा भाईचाऱ्याचा स्वर्ग आहे तर! अजिबात नाही. सप्टेंबर २०१७ मध्ये जैसलमेर जिल्ह्यातल्याच दांतल गावात एका मांगणियार गायकाचा जीव गेला. देवीच्या जागरात त्याचं गाणं भोप्याच्या मनासारखं उतरलं नाही, म्हणून त्याला मारलं, असा आरोप झाला. गावातल्या दोनेकशे मांगणियारांनी भीतीने गाव सोडलं. ज्या गळ्यातून पिढ्यान् पिढ्या देवी जागवली, तोच गळा. यजमानाच्या दारात गाणाऱ्याला पंगतीत बरोबरीने बसता येतंच असं नाही. विविधतेत उच्चनीच असतंच, आणि शेकोटीच्या उजेडात ते दिसत नाही. म्हणूनच नुसत्या टाळ्यांनी मला समाधान वाटत नाही. टाळी गाण्याला मिळते. गाणाऱ्याला त्याच्या गावात सुखाने राहता येतं का, हा प्रश्न टाळी विचारत नाही.

आणि हा प्रश्न तिकडचाच नाही. आपला मराठवाडाही सरहद्दीचाच मुलूख होता. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात. आजही आपण कंत्राटदाराला 'गुत्तेदार' म्हणतो. नांदेडला हुजूर साहिब, त्यामुळे परभणीच्या फलाटावर अमृतसरची गाडी थांबते. परभणीत तुराबुल हक बाबांच्या दर्ग्याचा उरूस फेब्रुवारीत भरतो आणि तिथे पेढे-रेवड्या घेऊन जाणाऱ्यांची जात-धर्म मोजायला बसलात तर रात्र सरेल. तांड्यावरची गोरबोली, मोहल्ल्यातली दखनी, आमची मराठवाडी, पूर्ण्यातले भीमजयंतीचे जलसे. हे बघायला पॅकेज लागत नाही. म्हणूनच बहुधा आपण ते बघत नाही.

याच परभणीत डिसेंबर २०२४ मध्ये काय झालं? स्टेशनसमोर आंबेडकरांच्या पुतळ्यापाशी संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशीच्या बंदला हिंसक वळण लागलं, वस्त्यांमध्ये अटकसत्र चाललं आणि कायद्याचं शिक्षण घेणाऱ्या एका तरुणाचा न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला. तो डिसेंबरही असाच गारठ्याचा होता. तेव्हा आपल्यातले किती जण त्या वस्त्यांमध्ये गेले? आणि किती जणांनी फक्त ग्रुपवर 'हे लोक ना...' असं लिहून फोन खाली ठेवला?

आमच्या त्या मित्राचं सांगतो. पुण्यात त्याने सहा खोल्या पाहिल्या. फोनवर सगळं ठरायचं, भाडंही. मग प्रश्न यायचा, "पूर्ण नाव काय?" आणि खोली 'कालच गेलेली' असायची. शेवटी आमच्यापैकी एकाच्या नावावर खोली घेतली, तेव्हा तो आत गेला. अशा खोल्या नाकारणारी माणसंही सुट्टीत राजस्थानला जात असतील. शेकोटीभोवती बसून खान आडनावाच्या माणसाला 'वन्स मोअर' देत असतील.

यावर एक उत्तर हमखास येतं: "अरे, पर्यटनावर त्या कलाकारांचं पोट चालतं. जाऊच नये का?" जावंच. मुद्दा बरोबर आहे आणि मी तो टाळत नाही. यजमानीचा आधार पूर्वीसारखा राहिलेला नाही, तंबूतली बिदागी लागतेच. पण पैसे दिले म्हणजे हिशेब मिटला, ही सावकाराची समजूत झाली. त्यांचं गाणं दोन रात्री विकत घेता येतं. ज्या राहणीतून ते गाणं आलं, ती मात्र आपल्या गल्लीत नको, असं म्हणणारा माणूस रसिक नव्हे, गिऱ्हाईक आहे.

दुसरं उत्तर: "फिरायला गेलं तर डोक्याला कशाला ताप? मजा करावी, यावं." मजा आम्हीही केली. उंटावरून पडलो, किल्ल्यातल्या गल्ल्यांत हरवलो. ११५६ साली रावळ जैसल यांनी वसवलेल्या त्या किल्ल्यात आजही माणसं राहतात, जैन मंदिरांच्या सावलीत वाळवणं घालतात. पण ज्या देशात आडनावावर खोली ठरते, तिथे फिरायला जाणं हेसुद्धा सगळ्यांसाठी सारखं नसतं. हॉटेलच्या काउंटरवर ओळखपत्र काढताना आमच्यापैकी तिघं गप्पा मारत होते. चौथा काउंटरवरच्या माणसाचा चेहरा वाचत होता.

तेव्हा या हिवाळ्यात जैसलमेरला निघाला असाल तर जा. गायकाला गाव विचारा, कमायचा कुणाकडून शिकला ते विचारा, गाणं पूर्ण होईपर्यंत मोबाईल खिशात ठेवा. आणि परत आल्यावर एवढंच करा: तुमच्या मालकीची खोली असेल तर भाडेकरूला भाडं विचारा, आडनाव नको. खोली तुमची नसेल, तुमच्या बापाची असेल, तर बापाशी भांडा. वाळवंटात उंटावर बसण्यापेक्षा त्याला जास्त हिंमत लागते, हे मी अनुभवाने सांगतो. माझ्या घरातलं भांडण अजून मिटलेलं नाही.

परतीच्या गाडीत मध्यरात्री त्या मित्राने इअरफोनचं एक टोक माझ्या कानात घातलं. समच्या गायकाचं रेकॉर्डिंग होतं. गाणं संपता संपता काकांचा आवाज आला, "पण किती छान..." त्याने तेवढा भाग कापला नव्हता. मी म्हणालो, डिलीट कर की. तो म्हणाला, "राहू दे. गाण्यासोबत तेही आलंय."