बाठे मोजून टाका!

आमरसाचं जेवण आटोपलं की बाठ्यांची परात ओट्याखाली सरकवून वामकुक्षीला जाऊ नका. घरात कुत्रं असेल तर बाठे मोजा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात टाका. कुत्रं बाठा चघळत बसतं आणि कुणी हिसकावायला धावलं की घाईघाईने गिळून टाकतं. म्हणून धावू नका. पोळीचा तुकडा पुढे धरा, बाठा आपणहून सुटतो.

गिळलाच, तर तो पोटात विरघळत नाही. कधी कधी पोटात कित्येक दिवस गुपचूप पडून राहतो आणि मग लहान आतड्यात अडकतो. एक्स-रेमध्ये तो नीट दिसेलच असं नाही, सोनोग्राफी करावी लागते. त्यामुळे ‘बाठा गेलाय’ हे डॉक्टरांना तुम्हीच सांगायला हवं. ‘शीतून पडेल उद्या’ म्हणत थांबू नका. वारंवार उलट्या, अन्नावर वासना नाही, शी बंद, पोटाला हात लावू न देणं, ही लक्षणं दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

मांजरवाल्यांनो, तुमच्याकडे धोका दोऱ्याचा: गजऱ्याचा, सुईतला, राखीचा, मांजाचा. तोंडातून किंवा गुदद्वारातून दोरा लोंबताना दिसला तर ओढू नका! नाडी ओढली की लेंग्याला चुण्या पडतात, तशा आतड्याला पडतात आणि ताणलेला दोरा ते कापत जातो. दोरा आहे तसा ठेवून दवाखाना गाठा.

खेळण्यातला किंवा रिमोटमधला बटण सेल गिळला तर मिनिटं मोजा. अन्ननलिकेत अडकलेला सेल काही तासांत तिला भोक पाडू शकतो.

आणि कृपा करून मिठाचं पाणी पाजू नका. उलटी होईल न होईल, मिठाची विषबाधा मात्र होऊ शकते. टोकदार वस्तू किंवा सेल उलटीवाटे वर येताना दुसऱ्यांदा इजा करतो. तूप, केळं वगैरे घरगुती युक्त्यांवर माझा तर काडीचा विश्वास नाही. उलटी करवायची की नाही, हे डॉक्टर ठरवतील. पहिल्या तास-दोन तासांत पोहोचलात तर काही वेळा इंजेक्शनवर भागतं, नाहीतर शस्त्रक्रिया. फोनवर चारच गोष्टी सांगा: काय गिळलं, किती, केव्हा, जनावराचं वजन. उरलेला तुकडा किंवा वेष्टन सोबत न्या.

रात्री उघडा असणारा जवळचा पशुवैद्यकीय दवाखाना कोणता, हे आजच विचारून ठेवा आणि त्याचा नंबर फ्रीजवर चिकटवा.