विकाऊ घराचें नेपथ्य

घर विकावयाचें असेल तर तें आधीं सजवावें, आणि सजवून झाल्यावर त्यांत कोणी राहत असल्याची एकही खूण शिल्लक ठेवूं नये, असा उपदेश हल्लीं आमच्या शहरांतून मोठ्या गांभीर्यानें केला जात आहे. या उपदेशाचें मूळ अमेरिकेंतील आहे. १९७२ च्या सुमारास सिअ‍ॅटल शहराच्या बाजूस बार्ब श्वार्ट्झ या बाईंनीं त्यास प्रथम धंद्याचें रूप दिलें, असें सांगतात. तिकडे त्यास 'होम स्टेजिंग' म्हणतात. नांव ठेवणाऱ्यानें निदान प्रामाणिकपणा राखला आहे. 'स्टेज' म्हणजे रंगभूमि. तेव्हां या विद्येस मराठींत 'गृहनेपथ्य' म्हणण्यास हरकत नसावी. मुंबई, ठाणें, पुणें येथील बांधकाम-व्यावसायिकांच्या हातीं तिचाच 'सँपल फ्लॅट' झालेला आहे. आमचें म्हणणें एवढेंच कीं, ही विद्या केरसुणीच्या हातांत असेपर्यंत निर्दोष आहे. तेथून पुढें ती फसवणूक आहे, आणि सौंदर्यदृष्टीच्या नांवाखालीं तिला माफी देण्याचें कारण नाहीं.

घर दाखवण्यापूर्वीं झाडणें, खिडक्यांचीं तावदानें पुसणें, गळका नळ दुरुस्त करणें यांस आक्षेप घेणारा मनुष्य वेडाच म्हणावा लागेल. पाहुणा येणार म्हणून अंगण सारवणाऱ्या गृहिणीस कोणीं कधीं लबाड म्हटलेलें नाहीं. सजावटीचे कैवारी याच न्यायाच्या आड उभे राहतात. त्यांचें दुसरें म्हणणें असें कीं, रिकाम्या खोलीवरून तिच्यांत काय काय मावेल याची कल्पना सामान्य माणसास येत नाहीं. म्हणून सामान मांडून दाखवणें ही त्याची सोयच होय. युक्तिवाद ऐकावयास गोड आहे. परंतु सोयच करावयाची तर सामान खऱ्या मापाचें नको काय?

एखाद्या नमुना-सदनिकेंत शिरून पाहावें. बाहेर वैशाख पेटलेला असतां आंत यंत्राचा गारवा, कोठून येतो तें न कळणारा मंद सुगंध, छतांत लपविलेले दिवे, आणि एका भिंतीभर आरसा. आरशानें नऊ फुटांची खोली अठरा फुटांची भासते हें न्हाव्याच्या दुकानांत बसलेल्या प्रत्येकास ठाऊक आहे. पण तेथें दुकान विकत घ्यावयाचें नसतें! शयनगृहांत पलंग असतो आणि पलंगावर उशांची रास असते. ती बाजूस सारून पलंग मोजण्याचा असभ्यपणा सहसा कोणी करीत नाहीं. जो करील त्यास कित्येकदां असें आढळेल कीं, बाजारांत सव्वासहा फुटांचा मिळणारा पलंग येथें साडेपांच फुटांचा झाला आहे. खोल्यांना चौकटी असतात, दारें नसतात. कारण दार असलें म्हणजे तें उघडावें लागतें, आणि उघडलें म्हणजे कशास तरी अडतें. कपाट एक तर नसतेंच, किंवा असलें तर वीतभर खोल असतें.

हा हिशोब आम्ही वाचकांस करूनच दाखवितों. खोली दहा फूट लांब आणि नऊ फूट रुंद आहे असें समजूं. लांबीच्या दिशेनें साडेपांच फुटांचा पलंग टाकला तर पायथ्याशीं साडेचार फूट मोकळे राहतात. पाहणारा म्हणतो, वा! आतां तेथें खरा पलंग ठेवावा. उरले पावणेचार फूट. त्याच भिंतीशीं दोन फूट खोलीचें कपडेकपाट ठेवावें. उरले पावणेदोन. या पावणेदोन फुटांत कपाटाचीं दारें उघडावयाचीं आहेत, आणि त्याच वाटेनें रात्रीं वृद्ध आईस उठून मोरीकडे जावयाचें आहे. जी खोली पाहून सौदा झाला ती हीच काय?

स्वयंपाकघराच्या ओट्यावर कांचेच्या भांड्यांत तीन पिवळीं लिंबें असतात. धान्याचे डबे, पिण्याच्या पाण्याचें पिंप, गॅसची टाकी यांस जागा कोठें, हें विचारूं नये. सज्जांत कपडे वाळविण्याच्या दोरीऐवजीं हिरव्या प्लॅस्टिकचें गवत अंथरलेलें असतें. या घरचीं माणसें कपडे मळवीतच नसावींत. त्यांतून पुष्कळदां ही सदनिका इमारतींत नसतेच. इमारत अद्याप पायाच्या खड्ड्यांत असते आणि हिचा मांडव बाजूच्या मोकळ्या जागेंत चोहोंकडून उजेड घेत उभा असतो. खरी सदनिका पुढें सातव्या मजल्यावर निघते, तिच्या खिडकीसमोर शेजारच्या इमारतीची भिंत निघते, आणि तोंवर मांडव मोडलेला असतो.

नाटकांतही सर्व खोटेंच असतें, असें कोणी म्हणेल. विष्णुदास भावे यांनीं १८४३ त सांगलीस 'सीतास्वयंवर' केलें, तेव्हांपासून आम्ही महाराष्ट्रीय लोक रंगभूमीवरील लटक्या वैभवावर लुब्ध आहों. परंतु नाटकाचा प्रेक्षक फसण्यासाठींच तिकीट काढतो आणि खेळ संपल्यावर आपल्या घरीं जातो. सदनिका घेणारा पडद्यावरील राजवाडा पाहून वीस वर्षांचें कर्ज काढतो, आणि खेळ संपल्यावर त्यास जावयास दुसरें घर नसतें.

राहतें घर विकणाऱ्या साध्या गृहस्थांनाही आतां हीच दीक्षा दिली जात आहे. भिंतीवरचीं छायाचित्रें उतरवा, आजोबांच्या औषधांच्या बाटल्या लपवा, देव्हारा माळ्यावर टाका. (देवांना वनवास नवा नाहीं, पण तो दलालाच्या सांगण्यावरून प्रथमच.) ज्या खुणा पुसावयास सांगतात त्या घाणीच्या नव्हेत, वास्तव्याच्या आहेत; आणि वास्तव्याच्या खुणा हाच खरेदीदाराचा खरा साक्षीदार असतो. मोरींत चार पिंपें भरून ठेवलेलीं दिसलीं, म्हणजे पाणी दिवसांतून थोडाच वेळ येतें हें न विचारतां कळतें. भर दुपारीं दिवा लागलेला दिसला, म्हणजे त्या खोलींत ऊन येत नाहीं. पलंग भिंतीपासून हातभर दूर ओढलेला दिसला, म्हणजे त्या भिंतीस ओल आहे. पिंपें हलविलीं, सगळेच दिवे लावले, पोपडे खरवडून कोपरा रंगविला आणि भेगेपुढें कपाट सरकविलें, कीं साक्षीदार फितला! मुलगी दाखवावयाची तर दिवेलागणीस पावडर लावून मंद उजेडांत बसवावी, या चालीवर आमच्या सुधारकांनीं कमी कोरडे ओढले नाहींत. त्याच सुधारकांचीं नातवंडें आज तीच चाल भिंतींना लावून तिला कला म्हणत आहेत.

कायदा याविषयीं मुका आहे असें मात्र नव्हे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम १८८२ चा. त्याच्या ५५ व्या कलमान्वयें, मालमत्तेंतील जो महत्त्वाचा दोष विकणाऱ्यास ठाऊक आहे, घेणाऱ्यास ठाऊक नाहीं, आणि साधारण दक्षतेनें पाहूनही त्यास सांपडण्यासारखा नाहीं, तो सांगणें हें विकणाऱ्याचें कर्तव्य आहे. तसा प्रकट न करणें हें कपट होय, असें तें कलमच म्हणतें. ओलीवर रंग फासून गप्प राहणाऱ्या सभ्य गृहस्थानें तें एकदां वाचावें. बांधकाम-व्यावसायिकांसाठीं २०१६ चा स्थावर संपदा अधिनियम आहे. त्याच्या १२ व्या कलमांत जाहिरातीच्या जोडीस नमुना-सदनिकेचा स्पष्ट उल्लेख असून, तिच्यावर विसंबून पैसे भरणाऱ्याचें खोट्या माहितीमुळें नुकसान झाल्यास प्रवर्तकानें तें भरून द्यावें, असें म्हटलें आहे. पण प्रवर्तकाचे वकील झोपलेले नसतात. 'दाखविलेलें सामान व सजावट विक्रीचा भाग नाहीं' अशी ओळ मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत छापली कीं त्यांच्या मतें सत्याचें देणें फिटलें. शिवाय तक्रार व्हावयाची ती पैसे गेल्यावर. पलंग आंखूड होता हें अपराध म्हणून सिद्ध करावयाचें तरी कसें? तो तर मांडवाबरोबरच गेला.

म्हणून आमची मागणी अगदीं बाळबोध आहे. नमुना-सदनिका दाखवावयाची तर तींत सव्वासहा फुटांचा पलंग असावा, दोन फूट खोलीचें कपाट असावें, प्रत्येक चौकटीस उघडणारें दार असावें. भिंतीवर चित्राऐवजीं त्या खोलीचें चटई-क्षेत्र ठळक अंकांत लिहावें, आणि जी वस्तु विक्रींत नाहीं तिच्यावर तशी चिठ्ठी डकवावी. हें कोणी आपण होऊन करणार नाहीं, याची आम्हांस पुरती कल्पना आहे. तोंवर खरेदीदारानें खिशांत टेप न्यावी आणि घर आषाढांत, पाऊस लागला असतां, पाहावें. दिवे मालवावयास सांगावे. दलाल पाहत असला तरी उशा खालीं ठेवून पलंगावर पाय लांब करून पडावें. आणि टांचा बाहेर लोंबूं लागल्या, तर उठून वहाणा घालाव्या.