टॅलेंट शो आणि जादूची कला



स्नेहसंमेलन जवळ आलं की हल्ली बऱ्याच शाळांत 'टॅलेंट शो' ठरतो. नाच, गाणं, मिमिक्री यांच्या रांगेत एखादा मुलगा पत्त्यांचा कॅट घेऊन उभा असतो. त्याला तीन मिनिटं मिळतात, परीक्षक गुण देतात, निकाल लागतो. अशा स्पर्धांनी जादूच्या कलेचं भलं होतं की नुकसान? माझं मत सांगतो : स्पर्धा जादूला प्रेक्षक मिळवून देते, पण जादूगार घडवत नाही.

आधी फायदा पाहू. शिन लिम हा पत्त्यांची जादू करणारा कलाकार. २०१५ मध्ये इटलीत जादूगारांच्या जागतिक स्पर्धेत तो पत्त्यांच्या जादूत पहिला आला. पण सामान्य माणसाला त्याचं नाव कळलं ते २०१८ मध्ये त्याने 'अमेरिकाज गॉट टॅलेंट' जिंकल्यावर. टेबलावरचे पत्ते नाट्यगृहात मागच्या रांगेला दिसतही नाहीत. कॅमेऱ्याने ते घरोघरी पोचवले. हे श्रेय टीव्हीला द्यायलाच हवं. मात्र लक्षात घ्या, त्याची कला आधीच तयार होती. स्पर्धेने ती फक्त दाखवली.

आता दुसरी बाजू. पी. सी. सरकार (१९१३–१९७१) यांच्या 'इंद्रजाल'मध्ये 'वॉटर ऑफ इंडिया' नावाचा प्रयोग असे. भांड्यातलं पाणी ओतून ते रिकामं करायचं आणि बाजूला ठेवायचं. मग दुसरी जादू. थोड्या वेळाने तेच भांडं उचलायचं, तर पुन्हा पाणी! असं कार्यक्रमभर चालायचं. पहिल्यांदा त्यात विशेष काय वाटणार? गंमत येते ती मधल्या वेळामुळे. आपण भांडं विसरतो आणि ते पुन्हा भरतं. सांगा बरं, हा प्रयोग तीन मिनिटांत कसा बसवणार?

घड्याळ लावलं की मुलं झटपट धक्का शोधतात. बोलणं कमी होतं, संगीत वाढतं. प्रेक्षकांशी गप्पा मारणं, त्यांना हसवणं, चूक झाली तर सावरून घेणं हे राहूनच जातं. बाजारातून जादूचा तयार संच आणायचा, एक प्रयोग करायचा आणि बक्षीस नाही मिळालं की संच माळ्यावर! खरं नुकसान इथे होतं. नाच आणि जादू एकाच गुणपत्रिकेत मोजणंही तितकंच चुकीचं.

मग स्पर्धा बंद करायच्या का? नाही. फक्त स्पर्धेआधी मुलाला सराव आणि प्रेक्षक द्या. एकच जादू त्याला आधी बालवाडीत, मग पाचवीत, मग घरी आजी-आजोबांसमोर करू द्या. प्रत्येक वेळी त्याचं बोलणं बदलेल. ते त्याला मराठीत लिहून काढायला सांगा. भाषेच्या तासाला याहून चांगला संवादलेखनाचा स्वाध्याय कुठला? आणि कृपा करून सगळ्यांसमोर "कशी केलीस, सांग ना" असा आग्रह धरू नका. गुपित जपणं हाही त्या कलेचाच भाग आहे.

यंदा संमेलनात जादू करणाऱ्या मुलाला तीनऐवजी दहा मिनिटं देऊन बघा. बक्षीस नसलं तरी चालेल. वेळ मात्र द्या.