उद्याचे हप्ते आज विकताना

कापड बाजारात वटाव म्हणजे काय हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. नव्वद दिवसांच्या मुदतीचे एक लाखाचे बिल आज रोख करून घ्यायचे असेल, तर सालीना १८ टक्के दराने सुमारे साडेचार हजार रुपये सोडावे लागतात. देणारा व्यापारी, घेणाराही व्यापारी. दोघांनाही हिशेब येतो. यातील व्याजाचा प्रश्न वेगळा आहे, त्याकडे आम्ही पुढे येऊ.

परंतु हाच वटाव अपंगाच्या किंवा अनाथाच्या नुकसानभरपाईला लागला तर काय होते, हे अमेरिकेत दिसून आले आहे. तेथे अपघातात जायबंदी झालेल्या माणसाला भरपाई एकरकमी न देता विमा कंपनीमार्फत वर्षानुवर्षे हप्त्यांनी देण्याची पद्धत आहे. १९८२ च्या कायद्याने या हप्त्यांवरील करमाफी पक्की केली. हेतू नेक होता. एकरकमी पैसा लवकर संपतो. हप्ता आला की औषधपाणी आणि चूल चालू राहते.

पण गरज हप्त्याची तारीख पाहून येत नाही. ही मजबुरी ओळखून हप्ते विकत घेणाऱ्या कंपन्या उभ्या राहिल्या. तुमचे हप्ते आम्हांला द्या, रोख रक्कम घेऊन जा, असा त्यांचा धंदा. बाल्टिमोर शहरात जुन्या घरांच्या रंगातील शिशामुळे लहानपणी मेंदूवर परिणाम झालेल्या अनेकांना असे हप्ते मिळत होते. २०१५ साली ‘वॉशिंग्टन पोस्ट’ या दैनिकाने त्यांच्या सौद्यांचा तपशील छापला. एका तरुणीने ३५ वर्षांचे ४२० मासिक हप्ते विकले. त्यांची बेरीज सुमारे ५ लाख ७४ हजार डॉलर, त्यांची त्या दिवशीची किंमत सुमारे ३ लाख ३८ हजार, आणि तिच्या हातात पडले ६३ हजारांहूनही कमी. म्हणजे रुपयाच्या मालाला एकोणीस पैसेही नाहीत. आमच्या बाजारात दिवाळे निघालेल्या पेढीचा मालसुद्धा इतक्या स्वस्तात कोणी सहजी देणार नाही.

कायदा नव्हता असे नाही. १९९७ मध्ये इलिनॉय राज्याने प्रथम अशा विक्रीवर बंधने घातली. २००२ मध्ये केंद्रीय कायदा आला. न्यायालयाची पूर्वमंजुरी न घेता हप्ते विकत घेतल्यास खरेदीदाराला वटावाच्या रकमेवर ४० टक्के कर लागू झाला. तरीही बाल्टिमोरचे सौदे न्यायालयातून मंजूर होऊनच झाले होते. पुढे २०१६ मध्ये मेरीलँड राज्याला कायदा कडक करावा लागला.

काही लोक म्हणतात, पैसा त्याचा, विकण्याचा हक्क त्याचा. तुम्ही मध्ये पडणारे कोण? आम्ही व्यापारी आहोत, हा हक्क आम्ही मानतो. पण एकाला भाव ठाऊक आहे आणि दुसऱ्याला नाही, तेथे सौदा होत नाही, लूट होते. हिशेब पाहा. दरवर्षी दहा हजार याप्रमाणे दहा वर्षांचे एक लाख आहेत. ८ टक्के दराने त्यांची आजची किंमत ६७ हजार होते, १८ टक्के दराने ४५ हजार. दर कोण ठरवतो यावर बावीस हजारांचा फरक पडतो, आणि गरजवंत माणूस दर विचारीतच नाही.

आपल्या देशाने या बाबतीत शहाणपणा दाखविला आहे. सरकारी पेन्शन आगाऊ विकण्याचा करार १८७१ च्या पेन्शन कायद्याने रद्दबातल ठरतो. वाहन अपघाताच्या भरपाईबाबत सर्वोच्च न्यायालयाने १९९३ साली केरळ राज्य परिवहन महामंडळाच्या खटल्यात मार्गदर्शक सूत्रे दिली. अज्ञान मुलांची रक्कम मुदत ठेवीत ठेवावी आणि त्या ठेवीवर बँकेने कर्ज देऊ नये. निरक्षर वारसाला रिक्षासारखे रोजीरोटीचे साधन घ्यायचे असेल तर रक्कम मोकळी करता येते, पण पैसा त्याच कामी लागेल याची न्यायाधिकरणाने खात्री करून घ्यावी. दार बंद नाही. दारावर पहारा आहे.

शरीअतच्या दृष्टीनेही हा प्रश्न बारीक आहे. जेद्दाच्या इस्लामी फिकह अकादमीने १९९२ च्या ठरावात म्हटले आहे की, आधी करार केलेला नसेल तर धनको आणि ऋणको आपसांत रक्कम कमी करून लवकर हिशेब मिटवू शकतात. मात्र तिसरा माणूस मध्ये आला की तो बिले वटविण्याचाच प्रकार होतो व तो जायज नाही. हप्ते विकत घेणारी कंपनी हा तोच तिसरा माणूस होय.

म्हणून आमचे म्हणणे इतकेच आहे. मोहल्ल्यात कोणाला भरपाई मिळाली आणि ती मोडण्याची वेळ आली, तर आधी नेमकी गरज किती हे विचारावे. वीस हजारांच्या ऑपरेशनसाठी दोन लाखांचे हप्ते कोणी घशात घालू नयेत. तेवढी रक्कम कर्जे हसना म्हणून देण्याची ऐपत आपल्या बाजारात नक्कीच आहे. आणि कागदावर सही करण्यापूर्वी, ज्याचा त्यात एक पैशाचाही फायदा नाही अशा हिशेबी माणसाला तो कागद दाखवावा. हे काम आम्हां व्यापाऱ्यांचे आहे. वटावाचा हिशेब आम्हांला येतो. तो गरजवंताच्या बाजूने मांडणे आमच्यावर वाजिब आहे.