अक्कलदाढ आणि क्लिनिकमधली भूल

एका भगिनीने विचारले आहे: मुलीची आडवी अक्कलदाढ क्लिनिकमध्येच ‘झोपवून’ काढू, असे डॉक्टर म्हणतात. हो म्हणावे का?

आधी झोपवणे म्हणजे नेमके काय, ते विचारा. हिरडीत लिग्नोकेनचे इंजेक्शन देऊन जागा बधिर करतात, तेव्हा रुग्ण पूर्ण जागा असतो. बहुतेक दाढा अशाच निघतात, आणि जमत असेल तर हाच मार्ग बरा. शिरेतून मिडाझोलाम किंवा प्रोपोफॉल देऊन गुंगी आणणे ही वेगळी गोष्ट. गुंगी कधी बेशुद्धीत उतरेल, हे नेमके सांगता येत नाही. औषध थोडे जास्त लागू पडले की जीभ मागे पडते, श्वास मंदावतो. त्यात इथे डॉक्टरांचे हात, रक्त, पाणी, कापूस, सगळे श्वासाच्याच वाटेवर! बोटाची ऑक्सिजन क्लिप श्वास थांबल्यावर जरा उशिराच इशारा देते. बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड मोजणारे यंत्र लवकर सांगते. ते तिथे आहे का, हे विचारायला लाजू नका.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे, दाढ काढणाऱ्यांखेरीज फक्त श्वास आणि नाडीकडे बघणारा भूलतज्ज्ञ असेल का? अमेरिकेत जबड्याचे सर्जन स्वतःच भूल देऊन शस्त्रक्रियाही करतात, ही तिथली जुनी पद्धत. लहान मुले दगावल्यावर कॅलिफोर्नियाने २०१८ मध्ये कायदा कडक केला. २०२२ पासून तिथे १३ वर्षांखालील मुलाला खोल गुंगी देताना केवळ लक्ष ठेवायला वेगळा प्रशिक्षित माणूस लागतो. आपण भूलतज्ज्ञाची फी वाचवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मुलगी घोरते का, दमा आहे का, कोणती औषधे चालू आहेत, सगळे आधीच सांगा. गुंगीपूर्वी हलके खाणे ६ तास, साधे पाणी २ तास बंद. ‘रोजा आहेच, पोट रिकामेच आहे’ म्हणून रमजानमधली तारीख घेणारेही असतात. पण सहरीत तळलेले खाल्ले असेल तर ८ तास लागतात, आणि नंतर पाणी व गोळ्या घ्याव्याच लागतात. सूज किंवा ताप नसेल तर ईदनंतरची तारीख घ्या. थांबण्यासारखे नसेल तर आजाऱ्याला सवलत आहेच, रोजा नंतर कजा करता येतो.

परतताना मुलीला स्कूटरवर मागे बसवू नका, रिक्षा करा. त्या रात्री घरातले कुणीतरी मोठे तिच्याजवळ झोपू द्या.