काट्याचा सूर

गेल्या रविवारी आमचा सात वर्षांचा नातू चर्चच्या आवारातून गुलमोहराची हातभर लांबीची एक वाळलेली शेंग उचलून घरी आला. येताच त्याने ती तलवारीप्रमाणे फिरविली, आणि आतील बिया खुळखुळल्या. तलवार तत्क्षणी विसरली गेली. "आजोबा, हिच्यात गाणे आहे!" असे म्हणत त्याने ती माझ्या कानाशी धरली. "तो कचरा आधी बाहेर टाका," अशी सूनबाईंची आज्ञा झाली. मी मात्र नातवाची बाजू घेतली. कारण याच शेंगेला एका जगप्रसिद्ध संगीतकाराने वाद्याचा मान दिला आहे.

तो संगीतकार म्हणजे अमेरिकेचा जॉन केज (१९१२–१९९२). रानातील अळंब्यांचा त्याला मोठा नाद होता. १९७५ साली एका नृत्यपथकाबरोबर तो आरिझोनात गेला असता पथकातील एका नर्तकाने वाळलेला निवडुंग त्याच्या कानाशी धरला आणि त्याचे काटे हलकेच छेडले. त्या क्षीण नादाने केज मोहित झाला. त्यातूनच त्याच वर्षी 'चाइल्ड ऑफ ट्री', म्हणजे 'वृक्षाचे अपत्य', ही रचना जन्मास आली.

या रचनेत नेहमीची स्वरलिपी नाही. वादकासाठी हाताने लिहिलेल्या सूचना तेवढ्या आहेत. त्याने दहा वाद्ये जमवायची, आणि ती सारी वनस्पतींचीच असावयाची. त्यांपैकी एक निवडुंग. त्याचे काटे छेडावयाचे आणि तो नाद विजेच्या साह्याने मोठा करून ऐकवावयाचा. दुसरे वाद्य म्हणजे आपल्या गुलमोहराच्या जातीची वाळलेली शेंग. आठ मिनिटांच्या वादनाची विभागणी प्राचीन चिनी ग्रंथ 'यी चिंग' याच्या कौलाने ठरते.

हे संगीत की पोरखेळ, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. भजनाच्या वा रागदारीच्या गोडीला सरावलेल्या कानास यात चाल सापडणार नाही, हे मी मान्य करतो. परंतु ज्यास आपण कुंपणाचे काटेरी झुडूप म्हणून दूर ठेवतो, त्याच्याजवळ कान नेण्यास ही रचना आपणांस भाग पाडते. हा लाभ लहान नव्हे.

केजचे आणखी एक म्हणणे मला विशेष विचार करावयास लावते. निवडुंगाचा तुकडा वाजवून वाजवून ओळखीचा होऊ लागला की तो झिजून नाहीसा होतो. मग नवा, अनोळखी तुकडा घ्यावा लागतो. वादकाची सवय मोडते म्हणून केजला यात आनंद वाटे. मला मात्र येथे किंचित टोचणी लागते. नवा तुकडा आणावयाचा, तो कोठून?

ज्या १९७५ साली ही रचना झाली, त्याच साली दुर्मिळ वन्य जीवांच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणारा आंतरराष्ट्रीय करार अमलात आला, आणि निवडुंगाचे कुळ त्याच्या संरक्षणाखाली आले. आपल्याकडे फड्या निवडुंग कुंपणाकुंपणांतून माजलेला दिसतो, म्हणून हे नवल वाटेल. पण तो येथे पाहुणा आहे. त्याच्या मायभूमीत, अमेरिका खंडात, त्याच्या भाऊबंदांची स्थिती निराळी आहे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक पाहणीत १,४७८ जातींपैकी ३१ टक्के जाती नष्ट होण्याच्या धोक्यात आढळल्या. शेतीसाठी मोडलेली जमीन हे त्याचे एक कारण. शौकिनांसाठी रानातून उपटून नेलेली रोपे हे दुसरे. आरिझोनातील साग्वारो निवडुंग पहिल्या आठ वर्षांत जेमतेम इंच-दीड इंच वाढतो; तरी त्याचीही चोरी होते, आणि म्हणून तेथील राष्ट्रीय उद्यानात कित्येक झाडांच्या अंगात ओळख पटविणारी सूक्ष्म चिप बसवावी लागली आहे.

यास्तव मला वाटते, कान देणे ही प्रेमाची पहिली पायरी असली, तरी ती शेवटची नव्हे. ज्याचा नाद आवडला ते उपटून घरी आणावे, ही आवड नसून हाव होय. घरी निवडुंग हवाच असेल तर बियांपासून वाढविलेला, रोपवाटिकेतील घ्यावा; आणि तो कोठून आला हे विचारण्यास संकोचू नये.

दुसऱ्या दिवशी नातू पुन्हा गुलमोहराखाली उभा होता. खालच्या फांदीवरील हिरव्या शेंगेपर्यंत त्याचा हात पोहोचला होता. मी म्हटले, "बाळ, हिरवी शेंग वाजत नाही. झाडाचे तिच्यातले काम अजून संपलेले नाही."

त्याने शेंगेस कान लावून पाहिला, आणि हात मागे घेतला. आता शाळेतून येताना तो रोज त्या झाडाखाली थांबतो, खाली काय पडले आहे ते पाहण्यासाठी.