हुंडणावळ कोणी भरायची?

एका गावचा पैसा दुसऱ्या गावी पोचवण्याबद्दल सराफ जी कसर कापून घेई, तिला आपल्या पेढ्यांच्या जुन्या भाषेत 'हुंडणावळ' म्हणत. पेढ्या गेल्या, हुंड्या गेल्या, सराफाच्या गादीच्या जागी संगणकाचा पडदा आला. हुंडणावळ मात्र गेली नाही. ती अदृश्य झाली, एवढेच. आणि जी वसुली दिसत नाही ती नेहमी दुबळ्याकडून अधिक होते, हा अर्थव्यवहाराचा जुना नियम येथेही खरा ठरला आहे. परदेशात शिकणाऱ्या, राबणाऱ्या किंवा आजारी पडलेल्या आपल्या माणसाला घरचा पैसा पोचवण्याची आजची व्यवस्था गरजवंताला महाग आणि धनवंताला स्वस्त पडावी अशा रीतीने उभी आहे. समाजवादी चळवळीने या प्रश्नाकडे 'सुखवस्तूंचा प्रश्न' म्हणून पाठ फिरवावी, हे मला मान्य नाही.

प्रथम थोडा इतिहास. साठ-सत्तरच्या दशकांत परदेशी जाणारा विद्यार्थी खिशात आठ डॉलर घेऊन विमानात चढे, ही आठवण त्या पिढीतील अनेकांनी सांगितली आहे. १९७३ चा परकीय चलन नियमन कायदा, म्हणजेच 'फेरा', हा टंचाईच्या काळातला कायदा होता. परकीय चलन ही राष्ट्राची सामाईक शिदोरी आहे आणि ती यंत्रसामग्री, औषधे, खनिज तेल यांसाठी राखली पाहिजे, हे त्यामागचे तत्त्व योग्य होते. अंमलबजावणी मात्र तत्त्वाला लाज आणणारी होती. प्राध्यापकाच्या मुलाला पुस्तकांसाठी पन्नास डॉलर मिळवताना अर्जांच्या चळती भराव्या लागत आणि त्याच वेळी बडे आयातदार बिलांत खोटे आकडे भरून परदेशी खाती फुगवत. त्या काळाचे गोडवे गाण्याचे आपल्याला कारण नाही.

पण त्यावर उपाय काय झाला? १९९९ साली 'फेमा' कायदा संमत झाला आणि जून २००० पासून लागू झाला. जो अपराध फौजदारी होता तो दिवाणी स्वरूपाचा झाला. फेब्रुवारी २००४ मध्ये रिझर्व्ह बँकेने उदारीकृत प्रेषण योजना आणली. सुरुवातीला दर माणशी वर्षाला २५ हजार डॉलर बाहेर नेण्याची मुभा होती. २००७ पर्यंत ती दोन लाख डॉलर झाली. २०१३ च्या ऑगस्टमध्ये रुपया कोसळू लागताच ती ७५ हजारांवर आणली गेली आणि २०१५ साली अडीच लाख डॉलरवर नेऊन ठेवली गेली. ही मर्यादा कुटुंबाला नाही, माणसाला आहे. त्यात अज्ञान बालकही मोजले जाते. चौघांचे कुटुंब कोणाची परवानगी न मागता वर्षाला दहा लाख डॉलर बाहेर नेऊ शकते. हा पैसा शिक्षणाला वापरा, उपचाराला वापरा, नाहीतर दुबईत सदनिका आणि न्यूयॉर्कच्या बाजारात समभाग घ्या, मर्यादा एकच. गरज आणि हौस यांतला फरक पुसून टाकणे, यालाच आपल्याकडे उदारीकरण म्हणतात.

परिणाम आकड्यांत दिसतो. २०१३-१४ साली या योजनेखाली सुमारे १.१ अब्ज डॉलर बाहेर गेले होते. २०२३-२४ मध्ये ते ३१ अब्जांच्या वर गेले. त्यांतील निम्म्याहून अधिक प्रवासावर खर्च झाले आणि परदेशी शिक्षणाच्या नावाखाली गेले ते सुमारे साडेतीन अब्ज. उलट दिशेने, परदेशी राबणाऱ्या भारतीयांनी २०२४ साली मायदेशी पाठवलेली रक्कम जागतिक बँकेच्या अंदाजाप्रमाणे १२९ अब्ज डॉलरच्या आसपास आहे. त्यांत आखाताच्या उन्हात उभा राहणारा रत्नागिरीचा गवंडी आहे, केरळची परिचारिका आहे आणि अमेरिकेतला अभियंताही आहे. जो डॉलर श्रीमंताची सहल घडवतो तो यांच्या घामातूनही आलेला असतो. म्हणून 'माझा पैसा, मी कोठेही नेईन' हा युक्तिवाद अपुरा आहे. रुपया त्याचा असेल. डॉलर देशाने कमावलेला आहे.

आता हुंडणावळीचा हिशेब पाहू. बँकेच्या फलकावर 'शुल्क' म्हणून काही शे रुपये लिहिलेले असतात आणि ग्राहकाला वाटते की एवढ्यातच काम झाले. खरी वसुली विनिमय दरात असते. बाजारातील दरापेक्षा डॉलरमागे दोन रुपये अधिक लावले, तर दहा हजार डॉलरच्या शुल्कभरणीवर वीस हजार रुपये गेले. पावतीवर त्यांचा उल्लेखही नाही. मोठा खातेदार बँक-व्यवस्थापकाला दूरध्वनी करून दर घासून घेतो. लातूरच्या बापाला दर घासता येतो हेच ठाऊक नसते.

आणि येथे सरकारही मागे नाही. चलन बदलून देण्याच्या सेवेवर वस्तू व सेवा कर आहे. त्यासाठी जे कोष्टक वापरण्याची बँकांना मुभा आहे, ते प्रत्येक कार्यकर्त्याने एकदा कागद-पेन्सिल घेऊन तपासावे. दहा हजार रुपयांच्या व्यवहारावर कर पडतो ४५ रुपये, म्हणजे शंभरामागे ४५ पैसे. एक लाखावर १८० रुपये, शंभरामागे १८ पैसे. दहा लाखांवर ९९० रुपये, शंभरामागे सुमारे १० पैसे. आणि दोन कोटींवर ४,४१० रुपये, शंभरामागे जेमतेम २ पैसे! वर या कराला कमाल मर्यादाही आहे. जसजशी ऐपत वाढेल तसतसा कराचा दर उतरत जावा, अशी ही उफराटी करपद्धती आहे. पुरोगामी करआकारणीचे तत्त्व आम्ही चाळीस वर्षे वर्गात शिकवले. त्याची इतकी नेटकी उलटी आकृती पाठ्यपुस्तकातही सापडली नसती.

यावर सरकारचे समर्थक म्हणतील की श्रीमंतांना चाप लावण्यासाठीच तर प्रेषणावर मुळातून करवसुली सुरू केली. ठीक. ऑक्टोबर २०२० पासून सात लाखांवरील रकमेवर पाच टक्के वसुली सुरू झाली आणि ऑक्टोबर २०२३ पासून शिक्षण व उपचार सोडून इतर बहुतेक कारणांसाठी ती वीस टक्के झाली. पण हा नवा कर नव्हे. आयकराची आगाऊ उचल आहे. धनिक माणूस ती आपल्या देय करातून वळती करून घेतो. त्याचे नुकसान फार तर काही महिन्यांच्या व्याजाचे. ज्याचे उत्पन्न शेतीचे आहे, ज्याला आयकरच लागू नाही, त्याला मुलीच्या २५ लाखांच्या शुल्कावर त्या नियमाने ९० हजार रुपये आधी भरावे लागले आणि विवरणपत्र दाखल करून परताव्याची वाट पाहावी लागली. अडकून पडलेला पैसा हा ज्याच्याकडे दुसरा पैसा नाही त्यालाच टोचतो.

२०२५ च्या अर्थसंकल्पाने मर्यादा दहा लाख केली आणि शैक्षणिक कर्जातून जाणाऱ्या रकमेला सूट दिली. सुधारणा स्वागतार्ह आहे. पण ही सूट ठरावीक वित्तसंस्थांच्या कर्जालाच मिळते. पतसंस्थेचे कर्ज, शेत विकून आलेला पैसा, आईच्या पाटल्या मोडून उभा केलेला पैसा यांना ती नाही. ज्याला बँकेने तारणाअभावी दारातून परत पाठवले त्यालाच सरकारनेही सवलतीच्या दारातून परत पाठवले!

आपल्याच साथींपैकी काहीजण विचारतील, परदेशी जाणाऱ्यांची चिंता आपण का वाहायची? याचे उत्तर असे की ज्याने जायचे तो आता केवळ मलबार हिलवरचा राहिलेला नाही. आपल्या सार्वजनिक विद्यापीठांतील प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षे रिकाम्या ठेवल्या गेल्या, खाजगी महाविद्यालयांनी देणग्यांचे बाजार मांडले, आणि मग तालुक्याच्या गावातील मुलगा वैद्यकीय शिक्षणासाठी रशिया, किर्गिझस्तानची वाट धरू लागला. २०२२ साली युक्रेनमधून हजारो विद्यार्थी परत आणावे लागले तेव्हा त्यांची आडनावे आणि गावे आपण वाचली आहेत. ती संस्थानिकांची नव्हती. तसेच आखातात मालकाने पगार थकवला की कामगाराला घरूनच पैसे मागवावे लागतात. त्याच्या बायकोला पॅनकार्ड, अर्ज आणि इंग्रजी घोषणापत्र यांच्या जंजाळातून जाण्यापेक्षा हवालावाला जवळचा वाटला, तर दोष तिला देऊन चालणार नाही.

पर्याय नाही असेही नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये भारताची यूपीआय आणि सिंगापूरची पेनाऊ या व्यवस्था जोडल्या गेल्या. भारतीय स्टेट बँकेसह काही बँकांतून, दिवसाला साठ हजार रुपयांपर्यंतची रक्कम क्षणार्धात पाठवता येऊ लागली. सार्वजनिक यंत्रणेने मनात आणले तर दलालांची साखळी तुटते, हे यातून सिद्ध झाले. किरकोळ ग्राहकाला खुला दर मिळावा म्हणून 'एफएक्स-रिटेल' नावाची सोय २०१९ पासून आहे. पण किती शाखांत तिचा फलक लागला आहे? संयुक्त राष्ट्रांनी २०३० पर्यंत प्रेषणाचा खर्च तीन टक्क्यांखाली आणण्याचे उद्दिष्ट ठेवले, तर जगाची सरासरी अद्याप सहाच्या वर आहे.

तेव्हा आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात. शिक्षण, उपचार आणि आप्तांचा निर्वाह यांसाठीची मर्यादा आणि परदेशी मालमत्ता व समभाग यांसाठीची मर्यादा वेगळी करावी. दुसरी मर्यादा खाली आणावी. २०१३ साली एका परिपत्रकाने ती उतरवता आली, तर आजही येईल. चलनबदलावरील कराचे कोष्टक उलटे फिरवून लहान रकमा करमुक्त कराव्यात. शुल्कभरणी थेट शिक्षणसंस्थेच्या खात्यात होत असेल तर पैशाचा उगम न पाहता आगाऊ वसुली माफ करावी. बाजारदर, बँकेने लावलेला दर आणि त्यांतील फरक रुपयांत पावतीवर छापणे सक्तीचे करावे. आणि सिंगापूरसारखी जोडणी आखाती देशांशी दोन्ही दिशांनी, सर्व सरकारी बँकांतून आणि टपाल कार्यालयांतून खुली करावी.

१९६९ साली बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले ते बँकेचे दार सामान्याला उघडावे म्हणून. ते दार आज उघडे आहे; पण आत गेलेल्या माणसाकडून काय कापून घेतले जाते ते त्याला कळत नाही. आपल्या तालुक्यात ज्यांची मुले बाहेर आहेत अशी घरे कार्यकर्त्यांनी शोधावीत, त्यांच्या पावत्या मागवून घ्याव्यात आणि त्या दिवसाच्या बाजारदराशी ताडून पाहाव्यात. दहा पावत्यांचा ताळा मांडून तो बँकेच्या शाखेसमोर फलकावर लावला, तर जी हुंडणावळ दिसत नाही म्हणून चालते, ती चालू ठेवणे कोणालाही अवघड जाईल.